शेड टाकण्याआधी: कोणता पैसा वळता होतो, कोणता जातो तो जातोच

प्लॉटचा दर ऐकून कारखान्याची जागा ठरवू नका. खिसा रिकामा होतो तो वीज, पाणी, वाहतूक आणि करांत. करांच्या बाबतीत टक्का किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: भरलेला कर वळता होतो का? १८ टक्के जीएसटी ऐकून धसका घेणारी माणसे ७.५ टक्क्यांच्या वीज शुल्काकडे बघतही नाहीत. यंत्रावर भरलेला जीएसटी पुढे विक्रीच्या करातून वजा होतो. वीज शुल्कातला एक रुपयाही वजा होत नाही.

खालचा हिशेब महाराष्ट्रात एमआयडीसीमध्ये दहा-पंधरा माणसांचे युनिट टाकणाऱ्यांसाठी आहे. फॅब्रिकेशन, मशीनिंग, पॅकिंग, मसाले, प्लास्टिक मोल्डिंग, काहीही असो. चाकण असो, बुटीबोरी, वाळूज, कागल किंवा अंबड, आकडे थोडे हलतील, प्रश्न हेच राहतील.

गाळा की प्लॉट?

पहिली दोन-तीन वर्षे गाळा घ्या. हातात पक्की ऑर्डर नसताना प्लॉट घेणे म्हणजे खेळते भांडवल जमिनीत पुरणे.

गाळा पाहायला गेलात की भाडे विचारण्याआधी एक कागद मागा: मालकाला एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी आहे का? जमीन एमआयडीसीची, मालक स्वतःच भाडेपट्टेदार. परवानगीशिवाय त्याने तुम्हाला गाळा दिला तर वीजजोडणी, जीएसटी नोंदणी, प्रदूषण मंडळाची संमती, प्रत्येक ठिकाणी पत्त्याचा पुरावा अडतो. परवानगीचे शुल्क वर्षाला लागते. ते कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. ‘बघू नंतर’ म्हणणारा मालक ते तुमच्याच भाड्यात चढवतो.

करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चाच करा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, आणि परताव्याच्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. समजा भाडे महिना ४०,०००, मुदत ३६ महिने, डिपॉझिट ३ लाख. भाडे झाले १४,४०,०००, डिपॉझिटवरचे धरलेले व्याज ९०,०००. बेरीज १५,३०,००० आणि मुद्रांक शुल्क ३,८२५ रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण हद्दीत ५००. एजंट याच कामाचे पंधरा हजार सांगत असेल तर बाकीचे त्याचे. कागदावर ‘भाडेपट्टा’ असे लिहिले गेले तर मात्र शुल्क बाजारमूल्यावर मोजतात आणि आकडा कितीतरी पटीने वाढतो. मसुदा वाचल्याशिवाय अंगठा लावू नका.

भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि तुम्ही नोंदलेले असाल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर तुम्हीच रिव्हर्स चार्जने भरायचा. तो क्रेडिट म्हणून मिळतो, पण आधी रोख भरावा लागतो. ४०,००० भाड्यावर महिन्याला ७,२०० रुपये आधी हातचे जातात, हे खेळत्या भांडवलात धरा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल (तिच्याबद्दल पुढे) तर या रिव्हर्स चार्जमधून सूट आहे.

प्लॉट घ्यायचाच असेल

एमआयडीसी जमीन विकत देत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. वार्षिक भाडे नाममात्र. खरी किंमत सुरुवातीला भरायच्या अधिमूल्यात. कोपऱ्याचा किंवा मोठ्या रस्त्यालगतचा प्लॉट असेल तर मूळ दरावर जादा टक्के लागतात. प्लॉट थेट महामंडळाकडून घेत असाल तर या अधिमूल्यावर जीएसटी नाही.

अर्ज ऑनलाइन. सोबत प्रकल्प अहवाल, पॅन, आधार, कंपनी किंवा भागीदारीचे कागद, बँकेचे पत्र, अनामत रक्कम. प्रकल्प अहवालात पाणी आणि विजेची गरज फुगवून लिहू नका. ‘मोठा प्रकल्प दिसला की प्लॉट मिळतो’ या सल्ल्याने लोक फसतात, कारण पुढे त्याच आकड्यांवर विचारणा होते.

ताबा मिळाला की घड्याळ सुरू. ठरलेल्या मुदतीत नकाशा मंजूर करून, किमान बांधकाम पुरे करून, इमारत पूर्णत्वाचा दाखला (सगळे त्याला बीसीसीच म्हणतात) मिळवायचा. नाही जमले तर मुदतवाढ शुल्क, तरी नाही जमले तर प्लॉट परत घेण्याची नोटीस. पक्का भाडेपट्टाही बीसीसीनंतरच होतो.

दुसऱ्याकडून हस्तांतरित प्लॉट घेत असाल तर चार कागद आधी बघा: बीसीसी आहे का, पाणीपट्टी आणि सेवाशुल्क चुकते आहे का, ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा मालमत्ता कर थकलेला आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का. मोकळ्या प्लॉटचे हस्तांतरण शुल्क बांधलेल्या प्लॉटपेक्षा जास्त बसते. ते विकणाऱ्याने भरायचे की तुम्ही, हे इसार देण्याआधी ठरवा. सेवाशुल्क एमआयडीसीला आणि मालमत्ता कर स्थानिक संस्थेला, असे दोन्ही द्यावे लागते तेव्हा कारखानदार ‘दुहेरी कर’ म्हणून ओरडतात. ओरडण्यात तथ्य आहे, पण बिल तर भरावेच लागते.

हस्तांतरणावर १८ टक्के जीएसटीची मागणी हा आणखी एक खड्डा. गुजरात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये निकाल दिला की औद्योगिक प्लॉटचा भाडेपट्टा हक्क दुसऱ्याच्या नावे करणे हा स्थावर मालमत्तेचा व्यवहार आहे, त्यावर जीएसटी लागत नाही. प्रकरण तिथल्या जीआयडीसीच्या प्लॉटचे असले तरी स्वरूप आपल्यासारखेच. तरीही करारात एक ओळ घाला: पुढे अशी मागणी आली तर ती कोणी सोसायची.

मुद्रांक शुल्क वेगळे, त्यावर नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. हे दोन्ही पैसे गेले ते गेले, त्यांचे क्रेडिट नाही.

शेडमध्ये अडकणारा जीएसटी

हा सगळ्यात मोठा छुपा खर्च, आणि प्रकल्प अहवालात हमखास राहतो. शेडच्या कंत्राटावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि स्वतःच्या इमारतीवरच्या जीएसटीचे क्रेडिट कायद्याने बंद आहे. ४० लाखांचे बांधकाम म्हणजे ७ लाख २० हजार कर, कायमचा. यंत्रांवरच्या जीएसटीचे क्रेडिट मात्र मिळते. यंत्राच्या पायाचे (फाउंडेशनचे) आणि त्याला धरून ठेवणाऱ्या आधाराच्या सांगाड्याचेही मिळते. म्हणून ठेकेदाराकडून एकच ढोबळ बिल घेऊ नका. यंत्राच्या पायाचे काम वेगळ्या बिलात, शेडचे वेगळ्या. एवढ्याने लाखभर रुपये सहज वाचू शकतात, आणि यात कायद्याबाहेरचे काहीही नाही.

बांधकाम खर्चावर १ टक्का कामगार उपकर आहे, तोही धरा.

आता कंपोझिशन. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला १ टक्का कर, म्हणून पहिल्याच वर्षी घेण्याचा मोह होतो. यंत्रे विकत घेत असाल तर घेऊ नका. कंपोझिशनमध्ये क्रेडिट नाही, म्हणजे यंत्रावरचा सगळा जीएसटी बुडीत. शिवाय राज्याबाहेर माल विकता येत नाही. कागलला बसून निपाणीला माल पाठवायचा असेल तर कंपोझिशन विसरा.

जीएसटी नोंदणीला सरकारी फी शून्य. मालाच्या व्यवसायाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती सक्तीची नाही, पण परराज्यात माल विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून सक्ती. कागद: पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा, बँक तपशील. आधार पडताळणी केलीत तर साधारण आठवड्याचे काम; न केलीत तर अधिकारी जागा बघायला येतो आणि महिना जातो. विवरणपत्र उशिरा भरले तर दिवसाला ५० रुपये, व्यवहार शून्य असला तरी २० रुपये. ‘धंदा सुरूच झाला नव्हता’ ही सबब चालत नाही.

वीज: बिल वाचायला शिका

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली ती वीजदरावरूनच. तुमचे युनिट भट्टीचे, मोल्डिंगचे किंवा कोल्ड स्टोरेजचे असेल तर जागा ठरवताना वीज पहिली, बाकी सगळे नंतर. असेंब्ली किंवा पॅकिंगचे असेल तर एवढा जीव जाळू नका.

जोडणी मागताना तीन गोष्टी ठरवा. एक, वर्गवारी. औद्योगिक वापरावर वीज शुल्क ७.५ टक्के, व्यावसायिक वापरावर २१ टक्के, आणि व्यावसायिकचा मूळ दरही चढा. गोदाम म्हणून घेतलेल्या गाळ्याची जोडणी व्यावसायिक असू शकते. तुम्ही तिथे उत्पादन करत असाल तर पहिल्याच महिन्यात उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र आणि प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र जोडून वर्गवारी बदलण्याचा अर्ज द्या. तोंडी सांगितलेले कोणी लिहून ठेवत नाही, पोच घ्या.

दोन, भार. मोठ्या जोडणीत मंजूर मागणी जास्त घेतली तर यंत्र बंद असतानाही डिमांड चार्ज चालू राहतो. कमी घेतली आणि ओलांडली तर वरच्या भागावर दीडपट आकार. सगळी यंत्रे एकाच वेळी चालत नसतात, त्यामुळे नेमप्लेटवरच्या अश्वशक्तीची नुसती बेरीज करून अर्ज देऊ नका. चांगला परवानाधारक ठेकेदार हा हिशेब मांडून देतो.

तीन, लाइन कोण टाकणार? पुरेशी केबल, ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर जोडणी थोड्या दिवसांत होते. नसेल तर महिने जातात, आणि इथेच खर्चाचा डोंगर उभा राहतो. महावितरणकडे दोन मार्ग आहेत. ‘डीडीएफ’ म्हणजे फक्त तुमच्यासाठीची सोय: खर्च तुमचा, वर १.३ टक्के देखरेख शुल्क, पैसे परत नाहीत. ‘नॉन-डीडीएफ’ म्हणजे खर्च आधी तुम्ही करायचा, पण नंतर तो बिलांतून वळता होतो. ट्रान्सफॉर्मर पुढे शेजाऱ्यालाही वीज देणार असेल तर तो डीडीएफ कसा? हा प्रश्न लेखी विचारा. ठेकेदार तुमच्या वतीने डीडीएफवर सही करून मोकळा होतो, कारण त्याचे काम लवकर उरकते.

सुरक्षा ठेव साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी. बिल ६०,००० येणार असेल तर १,२०,००० अडकले. त्यावर व्याज मिळते, आणि वापर वाढला की वाढीव ठेवीचे बिल येते. ते बघून दंड समजू नका. जुना गाळा घेत असाल तर आधीच्या ग्राहकाची थकबाकी तपासा. नियमांत तरतूद असेल तर ती नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘ते जुन्या पार्टीचे आहे’ म्हणून भागणार नाही.

बिलावरचे ‘टीओडी’ आणि ‘पॉवर फॅक्टर’ हे दोन रकाने दर महिन्याला बघा. कोणत्या तासांना सवलत आहे ते बघून जड यंत्र त्या पाळीत लावा. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर बँकेचा खर्च बहुतेकदा काही महिन्यांतच भरून निघतो.

जनरेटरचे डिझेल जीएसटीबाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, क्रेडिट शून्य. वारंवार वीज जाणाऱ्या भागातला स्वस्त प्लॉट इथे महाग पडतो.

पाणी आणि रस्ता

पाण्यासाठी एकच तपास: मे महिन्यात दुपारी जा आणि शेजारच्या तीन कारखान्यांत विचारा, टँकर किती येतात. महामंडळाच्या कागदावरचा कोटा आणि नळाला येणारे पाणी यांतले अंतर तिथेच कळेल.

रस्त्याबाबत किलोमीटर मोजू नका. ट्रान्सपोर्टरला विचारा, ‘परतीचा माल मिळतो का?’ मिळत असेल तर भाडे उतरते. नसेल तर तुम्ही रिकाम्या गाडीचेही पैसे देता. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूर ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. न्हावा-शेवाला कंटेनर पाठवणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या युनिटचा वेळ त्याने वाचतो. टोल मात्र प्रत्येक फेरीला आहे, तो दरपत्रकात वेगळा मांडून घ्या. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरची ऑक्टोबर २०२४ ची टोलमाफी हलक्या वाहनांची आहे, तुमच्या ट्रकची नाही.

ई-वे बिल: राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरच्या मालाला, राज्यात १ लाखावरच्या मालाला. वैधता साधारण २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी बिघडली तर मुदत संपण्याआधी-नंतरच्या ठरावीक तासांतच ती वाढवता येते. ड्रायव्हरला फोन करायला सांगून ठेवा.

आणि वाराई. माल उतरवण्याचे पैसे ड्रायव्हरकडून मागितले जातात आणि ते फिरून तुमच्याच भाड्यात येतात. कोण देणार, हे ऑर्डरवर लिहा. माथाडी मंडळाच्या नावाने कोणी मागायला आले तर नोंदणी आणि पावती मागा. खरे मंडळ पावती देते.

माणसांमागचा खर्च

व्यवसाय कर हा छोटा, पण विसरला जाणारा. कंपनी काढली तर कंपनीचे २,५०० आणि प्रत्येक संचालकाचे २,५००. दोन संचालकांची कंपनी म्हणजे वर्षाला ७,५००. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचे २,५००. कामगारांचा कर पगारातून कापायचा: १०,००० वरच्या पगाराला महिना २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे. सॉफ्टवेअरमध्ये ती घातली आहे का बघा. मालकाची आणि कामगारांची नोंदणी वेगवेगळी. पहिली काढून दुसरी विसरणारे खूप. गोव्यात हा कर नाहीच, पण एवढ्यासाठी तिकडे कारखाना नेलेला कोणी ऐकिवात नाही.

दहा माणसे झाली की ईएसआय: २१,००० पर्यंतच्या पगारावर तुमचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. वीस झाली की पीएफ: तुमचा वाटा १२ टक्के, विमा आणि प्रशासन शुल्क धरून १३. म्हणजे १५,००० पगाराचा माणूस तुम्हाला १७,४०० च्या वर पडतो. कामगार कल्याण निधी सहामाहीला माणशी तुमचे ७५, त्याचे २५. ठेकेदाराची माणसे घेतलीत तर त्याच्या पीएफ-ईएसआयची चलने बिलासोबत मागा. त्याने भरले नाहीत तर वसुली तुमच्याकडे येते.

संमती, उद्यम आणि सवलती

प्रदूषण मंडळाच्या यादीत तुमचा उद्योग पांढऱ्या गटात असेल तर संमती लागत नाही, नुसती माहिती द्यायची. हिरवा, नारिंगी, लाल असेल तर बांधकामाआधी उभारणीची संमती, उत्पादनाआधी चालवण्याची. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते. एकाच वेळी जास्त वर्षांची घेतली तर नूतनीकरणाची धावपळ आणि उशिराचा दंड दोन्ही टळतात.

उद्यम नोंदणी फुकट, आधार आणि पॅनवर, त्याच दिवशी. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे दीड-दोन हजार घेतात, तिकडे जाऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल म्हणजे सूक्ष्म उद्योग. पहिला माल देण्याआधीच ही नोंदणी करा, कारण ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज तिच्या आधारावर मागता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मोठ्या कंपनीचा अकाउंटंट तो बघतो.

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे गट आहेत, ‘अ’ पासून ‘ड+’ पर्यंत. मुंबई-पुण्यालगतचा ‘अ’ गट जवळपास कोरडा. मागास तालुक्यांत राज्य जीएसटीचा परतावा, वीज शुल्क माफी, मुद्रांक शुल्क माफी मिळू शकते. इथे दोनच सूचना. मुद्रांक माफीचे प्रमाणपत्र जिल्हा उद्योग केंद्रातून दस्त नोंदण्याआधी आणा. आधी भरून मग परत मागणे म्हणजे चपला झिजवणे. आणि परतावा कर्जाच्या हप्त्यात धरू नका. तो उशिरा येतो. हप्ता दर महिन्याला येतो. योजनेच्या आवृत्त्या बदलतात, म्हणून सल्लागाराच्या जुन्या पीडीएफवर नव्हे तर चालू शासन निर्णयावर बोट ठेवा.

पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन प्रकल्पाला अनुदान १५ ते ३५ टक्के, स्वतःचे ५ ते १० टक्के; पंतप्रधान योजनेत प्रकल्पाची मर्यादा ५० लाख. अर्ज फुकट. पंतप्रधान योजनेत जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, आणि अनुदान तुमच्या हातात न येता तीन वर्षे बँकेत अडकून राहते. ‘पाच टक्के द्या, मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मंजुरी नसते. ती बँकेच्या शाखेत असते, आणि शाखाधिकारी ऑर्डरची पत्रे आणि तुमचा सिबिल बघतो.

बंद करायची वेळ आली तर

नुसते कुलूप लावून जाऊ नका. जीएसटी नोंदणी रद्द करा आणि त्यानंतर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरा. व्यवसाय कराच्या दोन्ही नोंदण्या रद्द करा, नाहीतर २,५०० दर वर्षी व्याजासकट साचत जातात. वीजजोडणी कायमची बंद करण्याचा अर्ज देऊन शेवटचे रीडिंग स्वतः उभे राहून घ्या, मीटरचा फोटो काढा, आणि ठेव परत मागण्याचा अर्ज त्याच दिवशी त्याच खिडकीवर द्या.